विद्यार्थ्याकडून विद्यार्थ्याकडे : जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती संघाची वाटचाल

जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती संघाची स्थापना १८९५ साली स्वीडनमध्ये झाली. स्मरणिकांतून संघाचा इतिहास तिथूनच सुरू होतो. मला मात्र तो कोल्हापूरपासून सांगावासा वाटतो. परदेशातल्या विद्यापीठांत जाऊन तिथल्या विद्यार्थ्यांना येशू ख्रिस्ताविषयी सांगावे, या एका ध्यासातून ही संस्था उभी राहिली आणि तो ध्यास ज्या घरात वाढला ते घर करवीर संस्थानात होते.

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८४६ साली पश्चिम हिंदुस्थानात आले. काही वर्षे अहमदनगरला काढून १८५२ मध्ये ते कोल्हापुरात स्थायिक झाले. त्यांचे आपल्या मिशन बोर्डाशी जमले नाही, पण म्हणून त्यांनी कोल्हापूरचे काम सोडले नाही. पुढची बरीच वर्षे त्यांनी स्वतंत्रपणे काम चालवले. १८६३ साली कोल्हापुरात त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव रॉबर्ट. रॉबर्टचे बालपण कोल्हापुरातच गेले. प्रकृती खालावल्यावर १८७०च्या दशकात वडील कुटुंबासह अमेरिकेला परतले आणि प्रिन्स्टन येथे राहून १८७८पासून मिशनकार्याला वाहिलेले एक नियतकालिक काढू लागले. घरात सतत हिंदुस्थानचा विषय, पत्रे, पाहुणे. रॉबर्टने आणि त्याची मोठी बहीण ग्रेस हिने कोल्हापूरला परतायचे हे जणू गृहीतच धरले होते.

रॉबर्ट प्रिन्स्टन कॉलेजात शिकत होता. १८८३ मध्ये त्याने आणि त्याच्या मित्रांनी तिथे परदेशसेवेची इच्छा असणाऱ्यांचे एक छोटे मंडळ काढले. सभासद होताना एका ओळीचा जाहीरनामा सही करून द्यायचा : देवाची मर्जी असेल तर आपण परदेशात मिशनरी म्हणून जायला राजी आणि उत्सुक आहोत. बैठका वाइल्डरांच्या घरी होत. मुले आत चर्चा करीत आणि ग्रेस दुसऱ्या खोलीत त्यांच्यासाठी प्रार्थनेला बसे. कॉलेजांमधून एक हजार तरुण या कामासाठी निघावेत, अशी मागणी भाऊ-बहीण रोज रात्री देवापुढे ठेवीत. ग्रेसचे नाव या इतिहासात सहसा एखाद्या तळटीपेत येते. ते योग्य नाही. जाहीर सभा रॉबर्टने गाजवल्या हे खरे, पण त्या मागणीची चिकाटी बहिणीची होती.

१८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन या गावी, सुप्रसिद्ध सुवार्तिक ड्वाइट मूडी यांच्या शाळेत, कॉलेज विद्यार्थ्यांचे बायबल अभ्यासाचे महिनाभराचे शिबिर भरले. ८९ कॉलेजांमधून २५१ विद्यार्थी आले होते. शिबिराच्या कार्यक्रमात परदेशसेवेला फारशी जागाच नव्हती. मूडींचा भर पवित्र शास्त्राच्या अभ्यासावर होता. रॉबर्ट वाइल्डर मात्र निराळा हेतू मनात धरून आला होता. सुरुवातीला त्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे दोन डझनही नव्हते. मग त्याने एका संध्याकाळी एक साधी सभा योजली. शिबिरात वेगवेगळ्या देशांतले तरुण होते : कोणी जपानचा, कोणी सयामचा, कोणी अमेरिकेच्या मूळ रहिवासी जमातीतला, कोणी मिशनरी आईबापांच्या पोटी परमुलुखात जन्मलेला. अशा दहा जणांनी प्रत्येकी तीन मिनिटे बोलायचे, आपल्या देशाची गरज सांगायची आणि देव प्रीती आहे एवढे वाक्य आपापल्या भाषेत म्हणून खाली बसायचे. प्रवचन नाही, आवाहन नाही. सभा संपल्यावर मुले काही न बोलता आपापल्या खोल्यांकडे आणि झाडीकडे गेली. पुढच्या दिवसांत सह्या वाढत गेल्या. निरोपाच्या दिवशी आकडा ९९ वर होता आणि शेवटच्या प्रार्थनेला सगळे गुडघे टेकून बसले असताना शंभरावा आत आला.

त्या शंभरांत कॉर्नेल विद्यापीठाचा जॉन मॉट हा २१ वर्षांचा विद्यार्थी होता. त्याची कहाणी क्रिकेटच्या शौकिनांना आवडेल. त्याच वर्षीच्या जानेवारीत केंब्रिजचे नामवंत क्रिकेटपटू जे. ई. के. स्टड अमेरिकन विद्यापीठांच्या दौऱ्यावर होते. त्यांचे धाकटे भाऊ सी. टी. स्टड ओव्हलच्या १८८२ च्या प्रसिद्ध कसोटीत खेळलेले. तेही क्रिकेट सोडून सहा सोबत्यांबरोबर १८८५ मध्ये चीनला मिशनरी म्हणून गेले होते. वकिली की राजकारण अशा विचारात असलेला मॉट व्याख्यानाला उशिरा पोहोचला आणि दारातून आत येत असतानाच स्टडचा प्रश्न त्याच्या कानावर पडला : स्वतःसाठी मोठेपणा शोधतोस काय? शोधू नकोस, आधी देवाचे राज्य शोध. मॉट दुसऱ्या दिवशी स्टडना एकट्याने भेटायला गेला. एका विद्यापीठातला माणूस परदेशातल्या दुसऱ्या विद्यापीठात जातो, तिथल्या एका मुलाशी समोरासमोर बसून बोलतो आणि त्या मुलाचे आयुष्य वळण घेते. या संस्थेचे सारे काम पुढे ज्या रीतीने चालले ती रीत या एका भेटीत दिसते.

माउंट हर्मननंतर वाइल्डर आणि लाहोरच्या मिशनरी घराण्यातला त्याचा प्रिन्स्टनचा मित्र जॉन फोरमन कॉलेजे पालथी घालत फिरले. १८८६-८७ च्या एका शैक्षणिक वर्षात त्यांनी २,१०६ सह्या मिळवल्या. ग्रेसने मागितलेल्या हजाराच्या दुप्पट. १८८८ मध्ये विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ रीतसर स्थापन झाली. मॉट तिचे अध्यक्ष झाले आणि पुढच्या काही दशकांत या चळवळीतून सुमारे २० हजार तरुण-तरुणी परदेशांत गेले.

चळवळीचे घोषवाक्य होते याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता पोहोचवण्याचे. त्यावर तेव्हाही टीका झाली. जर्मन मिशनशास्त्रज्ञ गुस्ताव वार्नेक यांना त्यातली घाई खटकत होती. मॉट यांचे उत्तर असे की, सारे जग या पिढीत ख्रिस्ती होईल असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येक पिढीने आपल्या समकालीनांना ही वार्ता ऐकण्याची संधी दिली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. हे उत्तर मला पटते. परंतु त्या घोषवाक्याभोवती जी भाषा जमली ती पटत नाही. मॉट यांच्या १८९७ च्या प्रवासवृत्ताच्या नावातच जगज्जयाची आणि मोक्याच्या ठाण्यांची परिभाषा आहे. विद्यापीठ हा किल्ला आणि विद्यार्थी म्हणजे सर करायचा प्रदेश, असे म्हणत कोणी दारी आले तर यजमानाने काय समजावे? साम्राज्यांचा तो काळ होता, त्या काळाची बोली मिशनच्या तोंडी बसली. तिची किंमत पुढे मोजावी लागली. ते ओघाने येईलच.

वाइल्डर १८९१ साली हिंदुस्थानला यायला निघाला आणि वाटेत इंग्लंडमध्ये अडकला. ब्रिटिश विद्यार्थ्यांनी त्याला सोडलेच नाही. १८९२ मध्ये एडिंबरो येथे ब्रिटनची स्वयंसेवक संघटना उभी राहिली. नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांशीही त्याचे नाते जडले आणि लग्नही एका नॉर्वेजियन मुलीशी झाले. त्यानंतर हिंदुस्थानात येऊन त्याने कॉलेजांतल्या तरुणांमध्ये काम केले. सुशिक्षित बंगाली तरुणांमधल्या सेवेवर १८९५ मध्ये एक पुस्तकही लिहिले. आजारपणामुळे १९०२ मध्ये त्याला हा देश कायमचा सोडावा लागला. जन्मभूमीत फार वर्षे राहता आले नाही, याची रुखरुख त्याच्या आयुष्याला राहिली असणार असे मला वाटते.

आता स्वीडन. व्हेटर्न सरोवराकाठी व्हाडस्टेना नावाचे जुने गाव आहे. तिथे राजा गुस्ताव व्हासाने सोळाव्या शतकात बांधलेला खंदकाने वेढलेला किल्ला आहे. १८९५ च्या ऑगस्टमध्ये तिथे स्कँडिनेव्हियन विद्यार्थ्यांची परिषद भरली होती. तिला जोडूनच सहा माणसे त्या किल्ल्यात एकत्र बसली : अमेरिकेचे मॉट आणि ल्यूथर विशर्ड, स्वीडनचे कार्ल फ्रीस, नॉर्वेचे एकहॉफ, जर्मनीचे सीमसेन आणि ब्रिटनचे विल्यमसन. त्यांनी पाच राष्ट्रीय किंवा प्रादेशिक चळवळींचा एक महासंघ केला. फ्रीस अध्यक्ष, मॉट सरचिटणीस. कोणत्याही देशाच्या चळवळीवर संघाने हुकूम चालवायचा नाही, प्रत्येक देशाने आपले काम आपल्या प्रकृतीप्रमाणे करायचे, असे ठरले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात येशूने शिष्यांच्या ऐक्यासाठी केलेली प्रार्थना संघाचे ब्रीद झाली.

त्या पाच सभासद चळवळींची नावे पाहण्यासारखी आहेत. अमेरिका-कॅनडा, ब्रिटन, जर्मनी, स्कँडिनेव्हिया यांची एकेक चळवळ. आणि हिंदुस्थान, चीन, जपान या साऱ्यांची मिळून एकच, तीही मिशनप्रदेश या नावाखाली, आणि तिच्या वतीने बसले विशर्ड. ज्यांच्यापर्यंत श्रद्धा पोहोचवायची त्यांचा स्वतःचा माणूस त्या खोलीत नव्हता. मॉट यांच्या लक्षात ही उणीव आली असावी, कारण व्हाडस्टेनाहून निघून ते पावणेदोन वर्षे जगभर फिरले. त्या दौऱ्यात १८९५-९६ च्या हिवाळ्यात ते हिंदुस्थानात होते. येथील कॉलेजांतल्या ख्रिस्ती मंडळांची हिंदुस्थान आणि सिलोन मिळून एक संघटना त्यांच्या उपस्थितीत झाली. पाठोपाठ चीन, जपान आणि ऑस्ट्रेलेशियाच्या संघटना झाल्या. मिशनप्रदेश हे सरमिसळ नाव मागे पडले.

मुंबईचा धागा याच सुमाराचा. केंब्रिज, ऑक्सफर्ड आणि लंडनमध्ये शिकलेल्या काही स्त्रियांनी १८९० च्या दशकाच्या मध्याला विद्यापीठीय स्त्रियांची मिशनरी सेटलमेंट या नावाची संस्था काढली आणि कामासाठी मुंबई निवडली. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजच्या अ‍ॅग्नेस डी सेलिंकोर्ट या तिच्या प्रमुख प्रवर्तक होत्या. मुंबईच का, याला कारण होते. मुंबई विद्यापीठाचे दरवाजे स्त्रियांना १८८३ मध्ये उघडले होते. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या आणि १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या. पारशी, हिंदू आणि ख्रिस्ती घरांतल्या मुली कॉलेजची पायरी चढू लागल्या होत्या. त्यांच्यासमोर जायला त्यांच्याइतकेच शिकलेले कोणी हवे, हा सेटलमेंटचा विचार होता.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या आणि शिकवूही लागल्या. शिकायला परदेशी गेलेली असताना ख्रिस्ती झालेल्या विद्यार्थिनीचे त्यांच्याइतके ठळक उदाहरण मराठीला दुसरे नाही. पण वाँटेजच्या धर्मभगिनींनी मांडलेला प्रत्येक सिद्धान्त जसाच्या तसा स्वीकारायला त्यांनी नकार दिला, आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाकडे गहाण टाकली नाही. त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली तेव्हाही त्या खडसावून बोलल्या. श्रद्धा देणाऱ्याने ती कशी घेतली जाईल हे ठरवू नये, हा धडा संघाला पुढे टप्प्याटप्प्याने मिळाला. रमाबाईंनी तो संघाच्या जन्माआधीच दिला होता.

मुंबईच्या सेटलमेंटमध्ये १८९९ च्या सुमारास रूथ राउझ आल्या. गर्टनच्याच पदवीधर, वाइल्डरच्या केंब्रिज भेटीने प्रभावित झालेल्या, स्वयंसेवकांच्या मासिकाच्या संपादिका राहिलेल्या. दोनेक वर्षांत त्यांची तब्येत ढासळली आणि १९०१ मध्ये त्यांना परतावे लागले. मुंबईची हानी संघाच्या पथ्यावर पडली. १९०५ पासून १९२४ पर्यंत राउझ संघाच्या फिरत्या चिटणीस होत्या आणि जगातल्या विद्यार्थिनींमध्ये त्यांनी जे काम केले त्याला तोड नाही. मॉट यांना हजारोंच्या सभा हव्या असत, त्या त्यांना मिळतही. राउझ यांची रीत निराळी. त्या एखाद्या विद्यापीठाच्या गावी जाऊन काही दिवस राहात, विद्यार्थिनींच्या खोल्यांवर चहाला जात, ऐकत. झारच्या रशियात सभा भरवणे कठीण होते, पोलिसांची नजर असे. बॅरन पॉल निकोलाय सेंट पीटर्सबर्गमध्ये मूठभर मुलांचे बायबल अभ्यासमंडळ चालवीत होते. राउझ यांच्या भेटींनंतर विद्यार्थिनींचीही तशी मंडळे निघाली. नास्तिक आणि क्रांतिकारक विचारांच्या मुलींशी त्या तासन्‌तास बोलत बसत. माझ्या मते संघाच्या इतिहासातला हा भाग सर्वांत मोलाचा आहे आणि त्याचा गाजावाजा सर्वांत कमी झाला आहे.

१९०७ च्या एप्रिलमध्ये संघाची परिषद टोकियोत भरली. आशियात अशी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी परिषद याआधी कधी झाली नव्हती. दोनच वर्षांपूर्वी जपानने रशियाला हरवले होते. चीनमधून हजारो विद्यार्थी शिकायला टोकियोत लोटले होते. यजमान जपानी, व्यवस्था जपानी, आणि ख्रिस्ती नसलेल्या जपानी मुत्सद्द्यांनीही परिषदेचे स्वागत केले. हिंदुस्थानातून गेलेल्यांत तमिळ तरुण व्ही. एस. अझरायाह होते. १९०५ मध्ये सेरामपूरला भारतीयांच्या पैशाने आणि भारतीयांच्या हातांनी चालणारी नॅशनल मिशनरी सोसायटी काढणाऱ्यांपैकी ते एक. तीन वर्षांनी, १९१० च्या एडिंबरो जागतिक मिशनरी परिषदेत, मॉट अध्यक्षस्थानी असताना, अझरायाह यांनी युरोपीय मिशनऱ्यांना तोंडावर सुनावले : तुम्ही त्याग केलात, गोरगरिबांना दिलेत, त्याबद्दल कृतज्ञता आहे, आता आम्हांला मित्र द्या. सभागृहात अस्वस्थता पसरली. त्यांना हे बळ विद्यार्थी चळवळीतल्या बरोबरीच्या वागणुकीने दिले होते, असे मी मानतो. ज्याला टोकियोत प्रतिनिधी म्हणून खुर्ची मिळाली, तो एडिंबरोत ओट्यावर बसायला तयार होणार नव्हता.

१९११ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला संघाने आणखी एक दार उघडले. तोवर चळवळ बहुतांशी प्रोटेस्टंटांची होती. तिथे ठरले की कोणत्याही ख्रिस्ती परंपरेचा विद्यार्थी सभासद होऊ शकेल, ऑर्थोडॉक्सही. ज्या सार्वत्रिक ख्रिस्ती ऐक्याच्या चळवळीतून १९४८ मध्ये जागतिक मंडळी परिषद जन्मली, तिचे अनेक कर्ते या संघात घडले.

महायुद्धाने ब्रिटिश आणि जर्मन सभासद एकमेकांच्या समोर खंदकांत उभे केले. युद्ध संपल्यावर १९२० च्या फेब्रुवारीत रूथ राउझ व्हिएन्नाला पोहोचल्या. त्यांनी जे पाहिले ते भयंकर होते. विद्यार्थी जुने लष्करी कपडे अंगावर घालून वर्गात येत होते, कारण दुसरे कपडेच नव्हते. कडाक्याच्या थंडीत खोल्यांत कोळसा नाही, पोटाला धड जेवण नाही, क्षयाने मुले खंगत होती. राउझ यांनी संघाच्या सर्व देशांतल्या विद्यार्थ्यांना आवाहन केले. त्याच उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या सेंट बेआटेनबर्गच्या बैठकीत युरोपियन विद्यार्थी मदतकार्य संघाने अधिकृतपणे उचलले.

या मदतकार्याचे नियम मला फार महत्त्वाचे वाटतात. मदत गरजेप्रमाणे; राष्ट्र, वंश, धर्म पाहायचा नाही. ज्यू विद्यार्थ्यांविरुद्ध व्हिएन्नाच्या विद्यापीठात द्वेष उकळत होता, त्या दिवसांत ज्यू मुलालाही तेच ताट. शक्य तिथे दान देण्याऐवजी विद्यार्थ्यांनाच उभे करायचे : त्यांची स्वयंपाकघरे, त्यांच्या चपला-बूट दुरुस्तीच्या कार्यशाळा, त्यांचे छापखाने. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या देशातल्या मुलांसाठी ब्रिटिश विद्यार्थी वर्गणी काढत होते. जेवण घेणाऱ्याला श्रद्धेची अट नव्हती. काहींनी तेव्हा विचारले, आजही विचारतात, की मग यात साक्ष कुठे आली? मी म्हणेन, इथेच आली. शत्रूवर प्रीती करा हे वाक्य कोणत्याही व्यासपीठावरून जितके ऐकू गेले नसते तितके त्या स्वयंपाकघरांतून गेले. हे मदतकार्य पुढे वाढून १९२५ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्यार्थी सेवा या नावाने संघापासून वेगळे झाले आणि पुढच्या वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिसचे मूळ तेच.

जगज्जयाच्या भाषेची किंमत वसूल झाली ती पेकिंगमध्ये. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्सिंग्हुआ येथे संघाची परिषद भरायची होती. मार्चमध्येच शांघायच्या विद्यार्थ्यांनी ख्रिस्तविरोधी महासंघ काढून जाहीरनामा प्रसिद्ध केला : ख्रिस्ती धर्म हा परकीय भांडवलाचा आणि साम्राज्याचा हस्तक आहे, आणि ही परिषद त्याच कटाचा भाग आहे. चेन दुश्यू यांच्यासारखे विचारवंत या चळवळीच्या पाठीशी होते. पेकिंग विद्यापीठाचे कुलगुरू त्साई युआनपेई यांनी शिक्षणात धर्म नको अशी भूमिका घेतली. परिषद पार पडली, युद्ध आणि वंशभेद यांवर तिथे मनमोकळी चर्चाही झाली. पण प्रश्न उरलाच. चीनच्या विद्यार्थ्यांचा राग येशूवर कमी होता. तोफांच्या संरक्षणात आलेल्या येशूच्या दूतांवर जास्त. याला उत्तर देऊ शकला तो चिनीच माणूस. टी. झेड. कू हे रेल्वेतली चांगली नोकरी सोडून विद्यार्थ्यांच्या कामात आले, पुढे संघाचे फिरते चिटणीस झाले. निळा चिनी झगा घालून ते युरोप-अमेरिकेच्या विद्यापीठांत जात, बांबूची बासरी वाजवून दाखवत, आपल्या देशावरच्या अन्यायाबद्दल आणि आपल्या प्रभूबद्दल एकाच दमात बोलत. पूर्वेचा माणूस पश्चिमेच्या विद्यार्थ्यांना ख्रिस्ताविषयी सांगू लागला. प्रवाह दोन्ही बाजूंनी वाहू लागला होता.

१९२८ च्या अखेरीस संघ म्हैसूरला भेटला, त्या सुमारास, सरचिटणिसाचे पुढे अध्यक्ष झालेले मॉट त्या पदावरून निवृत्त झाले. १९४६ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले.

एक फाटाफूटही सांगितली पाहिजे. १९१० मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांचा जुना ख्रिस्ती संघ ब्रिटिश विद्यार्थी चळवळीतून बाहेर पडला. बायबलच्या अधिकाराबद्दल आणि ख्रिस्ताच्या प्रायश्चित्तरूपी मरणाबद्दल चळवळ सैल झाली आहे, असे त्यांचे म्हणणे. १९१९ मध्ये समेटाची बोलणी झाली, ती फिसकटली. १९२८ मध्ये ब्रिटनमध्ये इंटर-व्हर्सिटी फेलोशिप झाली. त्याच वर्षी हॉवर्ड गिनेस या तरुण डॉक्टरला कॅनडाला पाठवण्यासाठी विद्यार्थ्यांनी आपले खेळाचे साहित्यसुद्धा विकून प्रवासखर्च जमवला. १९४७ मध्ये बॉस्टन येथे या विचाराच्या दहा देशांतल्या चळवळींनी आंतरराष्ट्रीय इव्हँजेलिकल विद्यार्थी फेलोशिप स्थापन केली. भारतात तिची शाखा १९५४ पासून युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स या नावाने काम करते. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर कठोर शब्द टाकले. मला दोन्हीकडचे ऋण मान्य आहे. व्हिएन्नाची स्वयंपाकघरे एका घराण्याची आणि गिनेससाठी विकलेले खेळाचे साहित्य दुसऱ्याचे, आणि दोन्हींचे मूळ माउंट हर्मनमध्ये. कोल्हापूरचा रॉबर्ट वाइल्डर वृद्धापकाळी दोन्ही घरी मानाने बोलावला जाई. १९३८ मध्ये ओस्लोला त्याचा मृत्यू झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतरची एक बैठक महाराष्ट्राने पाहिली. पुणे-सातारा रस्त्यावरच्या, भोर तालुक्यातल्या नसरापूरला १९५३ साली संघाची सर्वसाधारण समिती भरली. फ्रेंच प्रतिकारलढ्यातून आलेले फिलिप मॉरी सरचिटणीस होते. सिलोनचे मेथडिस्ट धर्मोपदेशक डी. टी. नाइल्स यांच्याकडे त्या वर्षी अध्यक्षपद आले. व्हाडस्टेनाच्या किल्ल्यात ज्या भूभागाचा स्वतःचा प्रतिनिधीही नव्हता, त्या भूभागातला माणूस आता जगाच्या विद्यार्थी चळवळीचा प्रमुख होता.

बैठकीची वेळ नाजूक होती. भारतात पहिली सार्वत्रिक निवडणूक नुकतीच झाली होती. चीनमधून जवळजवळ सारे परदेशी मिशनरी बाहेर पडले होते. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेश सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली आणि १९५६ च्या तिच्या अहवालाने परदेशी पैसा आणि धर्मांतर यांवर कडक टीका केली. त्या अहवालातले सगळे निष्कर्ष मला मान्य नाहीत. परंतु परक्या देशात श्रद्धा सांगायला येणाऱ्याने आपल्यामागे कोणाची सत्ता आणि कोणाचा पैसा उभा आहे हे तपासले पाहिजे, हा त्यातला प्रश्न रास्त आहे. अझरायाह आणि कू यांनी तो मंडळीच्या आतून आधीच विचारला होता. नसरापूरनंतर संघातली परदेशी मिशनरी पाठवण्याची भाषा मावळत गेली. विद्यापीठातल्या ख्रिस्ती विद्यार्थ्याने, शिक्षकाने तिथल्या तिथे राहून साक्ष द्यावी, यावर भर आला.

१९६० मध्ये स्ट्रासबर्गच्या परिषदेत तर नवी पिढी मंडळीच्या चार भिंतींवरच नाराज दिसली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात विद्यार्थी आंदोलनांच्या लाटेत संघ राजकीय लढ्यांमध्ये इतका ओढला गेला की अनेक देशांत त्याची जुनी अभ्यासमंडळे ओस पडली. न्यायासाठी उभे राहणे बरोबरच होते. पण एकत्र बसून पवित्र शास्त्र वाचण्याची सवय सुटायला नको होती, आणि ती सुटल्याने झालेले नुकसान पाश्चात्त्य देशांत अजून भरून निघालेले नाही. १९७२-७३ च्या आदिस अबाबा येथील बैठकीनंतर संघाचे काम खंडनिहाय विभागांकडे सोपवले गेले. आशियाचा कारभार आशियातून चालू लागला. जुने काही टिकूनही आहे : फेब्रुवारीतला एक रविवार जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळण्याची प्रथा १८९८ पासून आहे. आज मराठी मुले जर्मनी, आयर्लंड, ऑस्ट्रेलियाला शिकायला जातात, तेव्हा विद्यापीठातल्या एखाद्या ख्रिस्ती मंडळाकडून जेवणाचे आमंत्रण येते, घर शोधायला मदत होते, आणि कधी बायबल वाचायला येतोस का अशी विचारणा होते. विचारणारा बहुधा स्वतःही परदेशातून शिकायला आलेला असतो.

वाइल्डर यांची कागदपत्रे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या धर्मशास्त्र ग्रंथालयात नीट जपून ठेवली आहेत, संघाची दप्तरे जिनीव्हा आणि येल येथे आहेत. या इतिहासाची मराठी बाजू जपणे मात्र आपल्याकडे आहे. अहमदनगरहून १८४२ पासून निघालेल्या ज्ञानोदयाचे जुने अंक, कोल्हापूरच्या मंडळीच्या नोंदवह्या आणि नसरापूरच्या दिवसांतली घरगुती छायाचित्रे ज्या कुटुंबांकडे असतील, त्यांनी ती वाळवीच्या हवाली न करता आपल्या मंडळीच्या सेक्रेटरींकडे प्रत काढण्यासाठी द्यावीत. मागे नावे आणि साल पेन्सिलीने लिहावे, शाई फोटोत उतरते.